मुळासकट

खडकी, पुणे
४ सप्टेंबर १९९९

चि. भाग्यश्री,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहून शाई घालवत नाही.

तू अमेरिकेत सुखरूप पोचल्याचं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. वनस्पतिशास्त्राचं एम.एस्सी. अर्ध्यात टाकून सहा महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स केलास आणि विमानात बसलीस. मी तीस वर्षं कॉलेजच्या हर्बेरियममध्ये वाळकी पानं कागदाला चिकटवतोय, मला लोणावळ्याच्या पुढे कुणी बोलावलेलं नाही. असो. सन दोन हजार उजाडताना जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार म्हणे, आणि ते तुम्ही मुलं थांबवणार. आमची वाळकी पानं कशानंही बंद पडत नाहीत.

आता मुद्द्याचं. मागच्या रविवारी वाघोलीला गेलो होतो, खाणीमागच्या टेकडीवर. आपले कंदीलपुष्पाचे नऊ वेल फुलावर आले असतील म्हणून भिंग, वही, डबा असा सगळा सरंजाम घेऊन गेलो. भाग्यश्री, सात वेल नाहीत. कुणीतरी खणून नेले. दोन उरलेत, तेही निवडुंगाच्या जाळीत आहेत आणि तिथे हात घालायची कुणाची छाती नाही म्हणून.

खड्डे मोजले. वीतभर लांब, वीतभर रुंद, चौकोनी. माती एकाच अंगाला नीट काढून ठेवलेली, आणि खड्डा तसाच उघडा. आत पावसाचं पाणी साचलेलं. चोर मोठा टापटिपीचा होता, एवढंच म्हणतो.

मी खडकावर बसून राहिलो. डबा उघडला नाही. तुला सांगायला नको, सेरोपेजिया ही सबंध प्रजातीच अशी. वर्षातले आठ महिने जमिनीत कंद होऊन गप्प पडून राहायचं, पावसात दोऱ्याएवढा वेल झुडपावर चढवायचा, आणि थोडे दिवस ते कंदिलासारखं फूल दाखवून परत खाली जायचं. वेल तुटला तर पुढच्या साली येतो. कंद गेला की काहीच येत नाही.

ही जागा तिघांना माहीत आहे. वेणूबाईला, जिनं गेल्या साली खाणीवर खडी फोडता फोडता आपल्याला बोटानं तो वेल दाखवला आणि जिला मी मग कॉलेजच्या बागेत रोजंदारीवर लावून घेतलं. तुला. आणि मला. तू कुणाला बोललीस का? त्या ट्रेकिंगवाल्यांना वगैरे? आठवून लिही. रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण तो राग तिकडे पोचायला बारा दिवस लागतील.

रतनकाका


एडिसन, न्यू जर्सी
२६ सप्टेंबर १९९९

प्रिय रतनकाका,

नमस्कार. तुमचं पत्र ऑफिसला निघताना मिळालं, बसमध्ये वाचलं आणि माझा स्टॉप गेला. खूपच वाईट वाटलं. मी कुणालाही बोलले नाही, शपथ.

इथे आम्ही पाच जणी एका फ्लॅटमध्ये राहतो. दिवसभर जुन्या प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे दोन आकडी साल आहे तिथे चार आकडी करायचं. ९९ दिसलं की १९९९. कंटाळवाणं आहे पण चूक झालेली चालत नाही. तुमच्याकडे लेबलं लिहायची सवय झाली होती ती उपयोगी पडतेय, असं मी माझ्या मॅनेजरला सांगितलं. त्याला कळलं नाही.

काका, एक सुचतंय, चुकीचंही असेल. वेणूबाई त्या दिवशी म्हणाल्या होत्या ते आठवतंय का? त्या ह्या वेलाला खरचुडी म्हणतात, आणि लहानपणापासून त्याचे कंद उकडून मीठ लावून खातात, असं. आपण तेव्हा हसलो होतो. त्यांच्या दृष्टीनं ते रताळ्यासारखंच की. दुर्मिळ वगैरे त्यांना कुठून माहीत असणार? मी दोष देत नाहीये हं. फक्त एकदा विचारून बघावं, असं वाटलं. आणि तसं निघालंच तर चिडू नका त्यांच्यावर.

उरलेल्या दोघांना फूल आलं का?

तुमची
भाग्यश्री


खडकी, पुणे
२४ ऑक्टोबर १९९९

चि. भाग्यश्री,

तू सुचवलंस तसं केलं. तेवढंच सांगायला हे पत्र आहे.

वेणूबाई बागेत गुलाबाची आळी करत होती. कोंडीराम माळी पाणी घालत होता, मथुराबाई पाला गोळा करत होती. बाजूला घेऊन विचारायला हवं होतं, ते मला नंतर सुचलं. मी तिथेच विचारलं, "वेणूबाई, टेकडीवरची खरचुडी तू खणलीस का?"

"खाती की," ती म्हणाली. "दरसाल खाती."

"त्या मोठ्या निवडुंगापाशी सात वेल होते, ते?"

तिनं खुरपं थांबवलं. "कोन म्हनलं?"

"कुणी का म्हणेना."

तिनं मला उलटा प्रश्न केला. "खड्डं बुजवलं व्हतं का?"

मला राग आला. इथे सात वेल मुळापासून गेले आणि हिला खड्ड्यांची पडलीय! म्हटलं, "नव्हते. तसेच उघडे टाकून गेलीस."

ती ना हो म्हणाली ना नाही. हौदावर जाऊन खुरपं धुतलं, कोंडीरामच्या हातात दिलं, "मंग ऱ्हाऊ द्या" म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून कामावर आलेली नाही. पुन्हा खाणीवर खडी फोडते असं मथुराबाई सांगते. मी तिला काढलेलं नाही, कुणाकडे तक्रारही केलेली नाही, पण बागेत सगळ्यांना कळायचं ते कळलं.

तेव्हा तुझं निदान बरोबर निघालं म्हणायचं. प्रकरण मिटलं. घरी सौरभनं विचारलं, बाबा, जेवत का नाही? म्हटलं, भाजी खारट झालीय. भाजी खारट नव्हती.

दोघांपैकी एकाला फूल आलं होतं. एकच.

रतनकाका


एडिसन
९ जानेवारी २०००

प्रिय रतनकाका,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. कॉम्प्युटर बंद पडले नाहीत. एकतीस तारखेला आम्हाला ऑफिसातच बसवून ठेवलं होतं, पिझ्झा मागवला होता, आणि काहीही झालं नाही. सगळे टाळ्या वाजवत होते. मला काहीच वाटेना.

वेणूबाई परत आल्या का? तुम्ही एकदा वाघोलीला जाऊन समजावलंत तर येतील. झालं ते झालं. सात कंदांसाठी एखाद्याचं काम जावं हे मला बरं वाटत नाही. वाटलं तर माझं नाव सांगा, मी म्हटलंय म्हणून सांगा. नको, माझं नाव नको. पण त्यांना परत घ्या.

इथे बर्फ पडलाय. आई मजेत आहे. बाल्कनीतल्या कुंड्या रिकाम्याच पडल्या होत्या, त्यात तिनं कोथिंबीर लावली म्हणे.

वेणूबाई आल्या की लगेच कळवा.

भाग्यश्री


खडकी, पुणे
२० ऑगस्ट २०००

चि. भाग्यश्री,

तुझ्या जानेवारीच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. मार्चमध्ये तू फुलांचं कार्ड पाठवलंस, त्यालाही नाही. तब्येत ठीक आहे. लिहायला बसलो की पत्ता लिहून व्हायचा आणि पुढे हात चालायचा नाही. आज चालवतोच.

आज टेकडीवर गेलो होतो. निवडुंगातले दोन वेल पाहिले आणि सहज मागच्या उतारावर उतरलो. तिथे आपण कधी गेलो नव्हतो. नऊ वेलांची नोंद झाली, आपलं समाधान झालं, आपण चहा प्यायला खाली आलो होतो. तिथे वेणूबाई उकिडव्या बसल्या होत्या. (मी त्यांना आता त्या म्हणतो. आधीच म्हणायला हवं होतं.) मी हाक न मारता उभा राहिलो.

वेलाच्या बुंध्यापासून हातभर लांबून, तिरकी, त्यांनी माती सैल केली. आत हात घालून कंद चाचपला. खालचा अर्धा मोडून घेतला. वरचा अर्धा वेलासकट होता तिथेच ठेवला, माती लोटली, तळव्यानं दाबली, वर एक चपटा दगड ठेवला. फांदीवर चढलेला वेल हललासुद्धा नाही. मग पुढच्या वेलाकडे गेल्या. मी बघितलं तर उतारभर वेलच वेल, आणि प्रत्येकाच्या बुडाशी एक चपटा दगड. एकतीस मोजले. नंतर मोजायची लाज वाटली.

"आलासा? बसा," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

मी विचारलं, वरचं का ठेवता?

"मुंडकं ऱ्हायलं तर फुडल्या साली खायाला व्हतं. आईनं शिकीवलंय. आन् खड्डा उघडा टाकला की साळिंदर येतंय, मुंडकं बी खातंय." मग खुरप्याची माती बोटानं काढत म्हणाल्या, "म्हनून तर इचारलं व्हतं तुमास्नी. खड्डं बुजवलं व्हतं का म्हनून."

म्हणजे त्या दिवशी बागेत त्यांनी आपली सगळी बाजू एका वाक्यात मांडली होती. मला तो उद्धटपणा वाटला.

भाग्यश्री, आता जे लिहितो ते तुझ्याबद्दल नाही, माझ्याबद्दल आहे. वीतभर चौकोनी खड्डा, माती एका अंगाला, म्हणजे बारीक मुळंही तुटत नाहीत: हे खणणं कोण शिकवतं? मी शिकवतो. दर वर्षी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहितो, नमुना अर्धा घ्यायचा नाही, मुळासकट घ्यायचा. ते सात खड्डे बघितले त्याच क्षणी मला हात ओळखू आला होता. तरी तुला विचारलं काय, तर "कुणाला बोललीस का?" आणि तू वेणूबाईंचं नाव सुचवलंस तेव्हा मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. दुसरं कुणीतरी मिळालं, आणि ज्याला शिकवलं त्या आपल्या माणसाला विचारायची वेळ टळली.

तुला एक कधी सांगितलं नाही. मी नोकरीला लागलो त्या वर्षी डिपार्टमेंटमधलं एक भिंग हरवलं. कुणी मला चोर म्हटलं नाही. फक्त सगळ्यांच्या आधी माझी पिशवी उघडून बघितली. का, ते माझ्या आडनावातच होतं; मला कुणी सांगायची गरज नव्हती आणि त्यांनाही नव्हती. भिंग संध्याकाळी एका सरांच्या कोटात निघालं, ते "अरे हो" म्हणाले. तेव्हापासून मी कामावर पिशवी नेत नाही, डबा तसाच हातात धरून नेतो. हे भोगलेल्या माणसानं चार लोकांत वेणूबाईंची पिशवी उघडली.

आज माफी मागायला तोंड उघडलं आणि "यंदा पाऊस बरा आहे" असं म्हणून टेकडी उतरलो.

निवडुंगातल्या एका वेलाला फूल होतं. आत एक बारीक माशी अडकलेली दिसली. आठवतंय ना, नळीतले केस खाली वळलेले असतात, माशीला आत जाता येतं, परत येता येत नाही. एखाददुसऱ्या दिवसात केस सुकतात, वाट मोकळी होते, माशी पराग घेऊन बाहेर पडते. त्या माशीला तेवढं पुरतं. मला एक वर्ष लागलं.

मी तुला काही विचारत नाही.

रतनकाका


एडिसन
१० सप्टेंबर २०००

रतनकाका,

विचारत नाही म्हणालात, म्हणून सांगते. विचारलं असतंत तर बहुतेक पुन्हा खोटं बोलले असते.

मी नेले. निघायच्या आदल्या आठवड्यात, शनिवारी सकाळी, आईची स्कूटी घेऊन गेले. खाण एक दिवस ही टेकडी खाऊन टाकणार, मी वेल वाचवतेय, असं स्वतःला सांगत होते. मग तुम्हाला का नाही सांगितलं? कारण ते खरं नव्हतं. मला ते हवे होते. मी सगळं सोडून चालले होते, एम.एस्सी., हर्बेरियम, तुम्ही, आणि त्यातलं काहीतरी माझं म्हणून कोथरूडच्या बाल्कनीत असावं असं वाटत होतं. दोन घेतले असते तरी चाललं असतं. सात घेतले. निवडुंगातले दोन सोडले ते हाताला काटे टोचले म्हणून.

आईनं त्यांना रोज पाणी घातलं, सकाळ-संध्याकाळ, मायेनं. सगळे कंद कुजले. तुमचं पहिलं पत्र आलं त्याच्या चार दिवस आधी तिनं फोनवर सांगितलं होतं. म्हणजे पत्र वाचताना मला माहीत होतं की परत द्यायलाही काही उरलेलं नाही.

आणि मग मी ते लिहिलं. "मी दोष देत नाहीये हं." काका, तो "हं" मला रोज ऐकू येतो. कुणाचं नाव घातलं तर पटेल ह्याचा मला विचारसुद्धा करावा लागला नाही. ते हाताशी तयारच होतं. ह्याची मला जास्त लाज वाटते.

खड्डे बुजवायचे राहिले ते घाई होती म्हणून नाही. सुचलंच नाही.

सोबत वेणूबाईंसाठी वेगळा कागद ठेवलाय. त्यांना वाचता येत नाही, म्हणून तुम्ही वाचून दाखवा. टेकडीवर नको, बागेत, जिथे विचारलंत तिथेच, कोंडीराम आणि मथुराबाईंच्या समोर. एकही शब्द मऊ करू नका.

भाग्यश्री

(सोबतचा कागद)

वेणूबाई, मी भाग्यश्री. तुम्ही मला खरचुडी दाखवली होती. निवडुंगाजवळचे सात कंद मी खणून नेले. ते माझ्याकडे मेले. रतनकाकांना मी तुमचं नाव सुचवलं, तेव्हा ते खोटं आहे हे मला माहीत होतं. तुमचं काम गेलं ते माझ्यामुळे. तुम्ही चोरी केली नाही, मी केली. हे सगळ्यांना ऐकू जावं म्हणून लिहिलंय.


खडकी, पुणे
१५ ऑक्टोबर २०००

चि. भाग्यश्री,

तुझं पत्र मिळालं. त्यात लिहिलंस तसं केलं, आणि त्यात न लिहिलेलं एक जास्तीचं करावं लागलं.

वेणूबाईंना बोलवायला वाघोलीला गेलो. मला वाटलं, नाही म्हणतील. "तवा कामाला बोलीवलं व्हतं तवा आली व्हती, आता बी येती," म्हणाल्या. सोमवारी आल्या, धुतलेलं लुगडं नेसून. गुलाबांच्या आळ्यापाशी उभ्या राहिल्या, अगदी त्याच जागी. मी मथुराबाईला आणि कोंडीरामला हाक मारली आणि तुझा कागद वाचला. एकही शब्द मऊ केला नाही. "चोरी" ह्या शब्दाला आवाज जरा खाली गेला, तर वेणूबाई म्हणाल्या, "मोठ्यानं." परत वाचला.

वाचून झालं. मथुराबाईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, संपलं, एक काम नीट पार पडलं. मी कागदाची घडी घालायला लागलो.

"पोरीचं झालं?" वेणूबाईंनी विचारलं.

"झालं."

"आता तुमचं वाचा."

माझ्या हातात दुसरा कागद नव्हता. तुझ्या पापाची चिठ्ठी हातात धरून मी तिथे साक्षीदारासारखा उभा होतो, आणि खरं सांगतो, बरा दिसत होतो. त्या वाट बघत राहिल्या. शेवटी तोंडी सांगितलं. खड्डे बघताक्षणी मला कळलं होतं, हे सांगितलं. तरी तुम्हाला विचारलं, कारण तुम्हाला विचारणं सोपं होतं, हे सांगितलं. माझी पिशवी उघडली होती तेही सांगितलं; ते कोंडीरामलाही ठाऊक नव्हतं, वीस वर्षं बरोबर काम करतोय. त्यानं मधेच जाऊन नळ बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. तो नळ चालू असता तर मला बरं वाटलं असतं. गेल्या वर्षी ह्याच जागी मान वर करून बोललो होतो, आता गुलाबाकडे बघून बोललो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत, नाही केलं असंही नाही. उद्यापासून कामाला या म्हटलं, तर "बगू" म्हणाल्या. निघताना फाटकापाशी वळून एवढंच विचारलं, "ते खड्डं बुजवलं का?"

भाग्यश्री, वर्षभरात मी त्या टेकडीवर चार वेळा गेलो. खड्डे मोजले, मापं घेतली, वहीत आकृती काढली. बुजवले नव्हते. वेणूबाईंना "उघडे टाकून गेलीस" असं मी म्हटलं होतं, आणि मीही ते तसेच टाकून आलो होतो.

"नाही," म्हटलं.

मग म्हणाल्या, "सा बुजवा. एक पोरीला ठिवा."

आज सकाळी कोंडीरामचं फावडं घेऊन गेलो आणि सहा बुजवून आलो. सातवा उघडा आहे. तू येशील तोवर कडा ढासळू नयेत म्हणून भोवती दगड लावलेत.

रतनकाका